गोठा आणि शाळा : सिन्नर परिसरातील मुलांच्या शेतीशिक्षणाचा मागोवा

सिन्नरविषयी काही लिहावयाचे म्हणजे गोंदेश्वरापासून आरंभ करण्याची आपल्याकडे रीत आहे. सेऊणचंद्राने वसविलेले सेऊणपूर ते हेच, असे म्हणून यादवांची वंशावळ मांडली की लेखाचे पहिले पान सहज भरते. प्रस्तुत लेखात यादवांना आम्ही तसदी देणार नाही. त्या देवळातील एकाच मूर्तीपुढे क्षणभर थांबावयाचे आहे. ती म्हणजे मुख्य मंदिरासमोरील मंडपातला नंदी. मागल्या हिवाळ्यात आम्ही तेथे गेलो असता एका शाळेची सहल आली होती. मुले वह्यांत शतके टिपून घेत होती. त्यांतील एका चिमुरड्याने नंदीच्या पाठीकडे बोट दाखवून विचारले, "बैलाला हे वशिंड कशाला असतं?" बरोबरच्या गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि "पुढे चला, उशीर होतोय," असे म्हणून रांग पुढे नेली.

गुरुजींना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांनाही ते कोणी शिकविले नसावे. परंतु पन्नास-साठ वर्षांपूर्वी याच तालुक्यातील आठ वर्षांच्या कोणत्याही गुराख्याने सांगितले असते की, जू मानेवर वशिंडाच्या पुढे बसते, ओढीच्या वेळी बैल त्याच्या आधाराने रेटा देतो, आणि खोंड अंगाने भरला की नाही हेही वशिंडावरून कळते. हे ज्ञान आपल्या मुलांना पूर्वी कोठे मिळत होते, शाळेत ते का शिरले नाही आणि घरातून ते कधी गेले, याचा शोध घ्यावा असे तेव्हापासून मनात होते.

आपल्या वंजारी समाजाला तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर संसार करणारे होते. कोकणातील मीठ घाटावर आणावे आणि घाटावरचे धान्य खाली न्यावे, असा हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालला. (वंजारी व बंजारा या नावांचा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) बैलाच्या दोन्ही अंगांस गोण्या, पुढे घुंगूरमाळांनी सजविलेला वाटाड्या बैल आणि मागे चालणारी माणसे. या जीवनात मुलांचे शिक्षण वाटेवरच होत असे. कोणत्या बैलाच्या पाठीस गोणी घासून जखम होते आहे, कोणता बैल पाण्याशिवाय एक मजल अधिक काढील, हे ज्याला कळत नसे त्याला व्यापार कळत नसे.

1863 साली बोरघाटातून आणि 1865 साली थळघाटातून आगगाडी वर आली. पक्क्या सडकांवर गाड्यांची वर्दळ वाढली. पाठीवर ओझे वाहणाऱ्या बैलाची गरज पाहता पाहता सरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे नांगर धरून स्थिर झाली होती. व्यवसाय बदलला, तरी बैल सुटला नाही. त्याच्या पाठीवरचे ओझे उतरले आणि मानेवर जू आले, एवढाच काय तो फरक.

सिन्नर तालुक्याची भूमी एकजिनसी नाही, ही गोष्ट परगावच्या समाजबंधूंनी ध्यानात घ्यावी. पश्चिमेकडे पांढुर्ली, ठाणगाव या अंगाने सह्याद्रीचे फाटे आणि पाऊस. पूर्वेकडे वावी, पाथरे या बाजूस पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख आणि बाजरी. पश्चिमेच्या पट्ट्यात डांगी जनावराचे राज्य. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची ही जात इगतपुरी-अकोल्याच्या डोंगरांतली. तिच्या कातडीस तेलकट ओलावा सुटतो म्हणून मुसळधार पावसात चिखलणी करताना ती आजारी पडत नाही, आणि खूर काळे व कठीण असल्याने खडकाळ वाटेवर झिजत नाहीत. अंगावरील रंगांवरून बाहळा, मणेरा, पारा अशी तिची नावे पडली आहेत आणि घोटीच्या बाजारात ती मुलांच्याही तोंडी असत. पूर्वेकडच्या कोरड्या रानात शेळी प्रपंच सांभाळी. संगमनेरी शेळीचे माहेर तर आपल्या शिवेला लागूनच आहे.

देवनदीच्या काठाला मात्र तिसरीच तऱ्हा. जुन्या बंधाऱ्यांवरून पाट काढून पाळीपाळीने पाणी घेण्याची तेथे वहिवाट होती. त्या काठावरील मुले अक्षरांपूर्वी दारे धरावयास शिकत. एका वाफ्यात पाणी पुरते भरले की त्याचे तोंड मातीने बुजवून पुढच्या वाफ्याचे फोडावयाचे, आणि हे रात्री कंदिलाच्या उजेडातही चुकवावयाचे नाही. पुढे ते पाट गाळाने भरले आणि बंधारे फुटले. लोणारवाडी येथील 'युवा मित्र' या संस्थेने अलीकडच्या काळात गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांतील पुष्कळसे पाट पुन्हा वाहते केले, ही समाधानाची गोष्ट होय.

या शिक्षणाचा क्रम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण तो ठरलेला असे. पाच-सहा वर्षांच्या पोराकडे करडे आणि वासरे येत. गाय पान्हवली की वासरू सोडावयाचे आणि दोन आचळ पिऊन होताच ओढून बाजूस बांधावयाचे. यात वासराची ताकद आणि आपली ताकद यांचा पहिला हिशेब होई. नंतर गुरे वळणे. गुराख्याला पहिला धडा मिळे तो किराळाचा. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी जनावराने खाल्ली की ते घटकाभरात आडवे होते. म्हणून कोणत्या बांधापासून कळप दूर ठेवावयाचा हे पाठ असावे लागे. नाकपुडीवर दव असले तर जनावर निरोगी, रवंथ थांबले तर घरी वर्दी द्यावयाची, तोंडातून लाळ गळून पाय झटकू लागले तर ते खुरकूत, आणि अशा जनावरास इतरांच्या पाणवठ्यावर न्यावयाचे नाही. गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस, शेळी पाच महिने. असे हिशेब पाढ्यांच्या आधी येत.

दहा-बारा वर्षांचा झाला की मुलगा मोटेवर. नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्द आता कोशात राहिले आहेत. तेव्हा ते हाताला घट्टे पाडून शिकवीत. बैल धावेवरून खाली उतरताना नाड्यावर बसावयाचे आणि मोट थारोळ्यात रिकामी झाली की बैलांना पाठमोरे वर आणावयाचे. वेळ एका श्वासाने चुकली तर मोट आपटे. त्यापुढची पायरी वखर-कोळप्याची आणि शेवटी नांगराची. पेरणीच्या वेळी पाभरीच्या चाड्यावर मूठ धरणे हे अखेरचे आणि सर्वांत अवघड कौशल्य. मूठ सैल पडली तर बी दाट पडते, आवळली तर तासात मोकळी जागा राहते, आणि पंधरा दिवसांनी उगवण झाली की साऱ्या गावाला ती चूक दिसते. कित्येक घरांत हे काम स्त्रियांकडे असे, याचा उल्लेख आमच्या पुरुष लेखकांकडून नेहमी राहून जातो.

बाजार हा या विद्येचा परीक्षामंडप. बैलाचे तोंड उघडून दात पाहावयाचे. दुधाचेच दात असतील तो आदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठही पक्के दात आले की जनावर जुळले, म्हणजे साधारण पाच वर्षांचे झाले. त्यापुढचे वय दातांच्या झिजेवरून ओळखावयाचे. सौदा रुमालाखाली बोटे धरून होई आणि वडिलांच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाला तो आकडा चेहऱ्यावरून ताडता आला, तर घरी जाताना त्याचे कौतुक होई.

या सर्वाला सोन्याचा मुलामा देण्याची आमची इच्छा नाही. या विद्येत भ्रमही पुष्कळ होते. अंगावरच्या भोवऱ्यावरून बैल मालकाला खातो असे ठरवून चांगली जनावरे मातीमोलाने विकली गेली. लंगड्या बैलाला तापल्या लोखंडाने डागत आणि त्यालाच औषध म्हणत. खोंड बडवताना पाहिलेले मूल ते दृश्य जन्मभर विसरत नसे. आणि याहून मोठी गोष्ट अशी की, हे शिक्षण ज्या मुलाला मिळाले त्याला दुसरे कोणतेच मिळाले नाही. वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या दावणीला ठेवलेला गुराखी, पोटाला भाकरी, वर्षाकाठी एक घोंगडी आणि थोडे धान्य एवढ्यावर राबत असे. सिन्नर गावात ज्यांना गुरे नव्हती त्यांच्या घरी विडीची पाने कातरणारी मुले होती. मुलींचे तर विचारावयासच नको. शेळ्या, शेण, पाणी आणि धाकटे भावंड ही त्यांची चार इयत्ता.

शाळा आणि गोठा यांमधील भिंत पाडावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेच्या विषयांत मोडी-बालबोध वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले होते, आणि धडे प्रत्यक्ष देता यावेत म्हणून लहानसे नमुना शेत असावे असेही सुचविले होते. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी शेतकी प्रदर्शने भरवून औते हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि बक्षिसे द्यावीत, येथवर योजना मांडली. परीक्षा म्हटली की कागद आणि शाई एवढेच ज्या काळी डोळ्यांपुढे येई, त्या काळी पाभर नीट हाकणे हीदेखील परीक्षेची बाब आहे असे म्हणणारा हा पहिला द्रष्टा.

सरकारने ते ऐकले नाही असे नव्हे. अर्धे ऐकले आणि फार उशिरा ऐकले. पुण्याजवळच्या लोणी येथील नमुन्यावर शेतीच्या मराठी शाळा निघाल्या. 1920 नंतरच्या दशकात काही प्राथमिक शाळांना शेतीचे वळण देणारे वर्ग जोडण्यात आले. पुढे ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या पुढाकाराने परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रम तयार केला आणि 'नई तालीम' हा शब्द खेडोपाडी पोहोचला. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे सूतकताई, शेती, कागदकाम असे मूलोद्योग घेऊन मूलोद्योगी शाळा निघाल्या. 'जीवन शिक्षण' हे दोन शब्द ज्यांच्या पाटीवर आहेत अशा शाळा आजही आढळतात. ती त्या प्रयोगाची खूण होय.

हा प्रयोग का फसला याची कारणे पुस्तकांत निराळी दिलेली असतात. आमच्या भागापुरते बोलावयाचे तर दोनच कारणे होती. एक म्हणजे पाणी. पूर्वेकडच्या गावांत दिवाळीनंतर विहिरीच तळ दाखवू लागत. तेथे शाळेच्या वाफ्याला पाणी कोण देणार? दुसरे कारण बापाच्या मनातले होते. तो म्हणे, माती खणावयाचीच तर पोरगा घरी काय वाईट होता? ज्याने सात पिढ्या शेण काढले त्याला मुलगा शाळेत पाठविताना एकच आशा होती, ती म्हणजे हे शेण सुटावे. शाळेनेही ते शिकवावे म्हणजे आपल्याला फसविण्याचा घाट आहे, अशी त्याची समजूत झाली. शहरातील पांढरपेशांच्या मुलांना कोणी नांगर धरावयास सांगत नव्हते, हे त्याला दिसत होते. म्हणून ती समजूत सर्वस्वी खोटी होती असे आम्हांस म्हणवत नाही.

या कोंडीतून वाट काढणारा एक प्रयोग मात्र झाला, आणि तोही आपल्या पूर्वजांचे बैल ज्या कोकणात उतरत त्याच बाजूस. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि 1957 च्या सुमारास त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे असतात, असे दिसल्यावर या दोघींनी मुलांना गुरे सोडावयास सांगितले नाही. शिक्षकच फळा घेऊन कुरणात गेले. गुरे चरत आहेत आणि मुले झाडाखाली बसून शिकत आहेत, अशी ती कुरणशाळा. जे मुलाला आधीच येते त्याची लाज न वाटू देता पुढचे शिकवावयाचे, हे तिचे मर्म होते. आमच्या तालुक्यात 1960 च्या सुमारास एखादी कुरणशाळा असती तर आमच्या घरचा इतिहास काहीसा निराळा झाला असता.

तो थोडक्यात सांगतो, कारण वाचकांपैकी पुष्कळांच्या घरचाही तोच आहे. आम्ही दोघे भाऊ. आम्ही चौथी झालो तेव्हा वडिलांनी, त्यांना आम्ही तात्या म्हणत असू, एक चार दाती खोंड विकला आणि आम्हांस नाशिकला वसतिगृहात ठेवले. दोन वर्षांनी धाकट्याची चौथी झाली. तेव्हा दावणीला विकण्याजोगे काही नव्हते आणि गुरांमागे कोणीतरी लागत होते. एकजण पाटीवर, एकजण दावणीवर, ही त्या काळची वाटणी होती. ती कोणी बोलून दाखवीत नसे. धाकट्याच्या गुरुजींनी तात्यांना दोनदा घरी येऊन विनविले, एवढे आईने पुढे सांगितले. 1972 च्या दुष्काळात आम्ही नोकरीच्या अर्जांत गुंतलो होतो. हा मात्र बैलजोडी घेऊन पायी घाटमाथ्याकडे पाहुण्यांच्या गावी गेला आणि चार महिने चाऱ्यावर राहिला. परत आणली ती जोडी हाडांचा सापळा होती, पण आणली. गावातल्या कित्येक दावणी त्या साली कायमच्या मोकळ्या झाल्या.

त्यानंतरचा बदल सर्वांच्या डोळ्यांपुढचा आहे. मोटेच्या जागी आधी इंजिन, मग विजेचा पंप आला. 1967 साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ'सारख्या संस्थांमुळे संकरित गाय घरोघर पोहोचली. माळेगाव-मुसळगावच्या कारखान्यांनी तरुणांना महिन्याचा पगार दिला. नांगरट तासाच्या भाड्यावर ट्रॅक्टर करू लागला. आमच्या घरची शेवटची बैलजोडी 2011 साली गेली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हळद-लोणी लावून बैलांचे खांदे मळण्याची रीत होती. त्या वर्षीपासून आमच्याही देवघरात, मुंबई-पुण्याच्या बांधवांप्रमाणे, मातीचे बैल आले.

आजच्या शेतकऱ्याच्या मुलाला काहीच येत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला ठिबकची नळी जोडता येते, दुधाची फॅट कळते, कांद्याचा लासलगावचा भाव तो मोबाइलवर पाहून सांगतो. तुटला आहे तो जनावराशी हाताचा संबंध. शाळांतून परसबागा होऊ लागल्या आहेत, ते चांगलेच आहे. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळ येथे विज्ञान आश्रम काढला आणि तेथील अभ्यासक्रमात शेती व पशुपालन ही कामे शालेय विषय म्हणून बसविली. तो आदर्शही पुढे आहे. परंतु डांगी बैलाचे रंग आणि किराळाचा बांध शिकविणारी माणसे कोणत्याही खात्याच्या यादीत सापडणार नाहीत. ती आपल्याच घरांच्या ओसरीवर बसलेली आहेत आणि बहुतेकांचे वय सत्तरीच्या पुढे आहे.

म्हणून मंडळाच्या गुणगौरव समारंभात प्रत्येक मुलाने आजोबा-आजीला विचारून घरच्या एका जनावराची हकिकत लिहून आणावी, अशी सूचना आम्ही केली होती. एका पालकांनी बाजूस घेऊन सांगितले, "मुलगा इंजिनिअरिंगला चाललाय. चारचौघांत शेणाची आठवण कशाला?" आम्हांस उत्तर सुचले नाही. तात्यांनी खोंड विकला तो याच विचाराने, आणि त्याचे फळ आम्ही पेन्शनच्या रूपाने खात आहोत. सूचना त्या वर्षी बारगळली. पुढील वर्षी ती पुन्हा मांडण्याचा आमचा विचार आहे. सभासदांनी अनुकूल वा प्रतिकूल मत कळवावे.

गेल्या दिवाळीत आमच्या दोन नाती गावी आल्या होत्या. धाकट्या भावाकडे सध्या दोन संकरित गाई आणि एक कालवड आहे. गोंदेश्वरातील त्या मुलाचा प्रश्न आम्ही सहज बोललो, तर तो हसून म्हणाला, "दादा, या जर्सीला वशिंडच नाही, पोरींना काय दाखवू? दात दाखवतो." त्याने डाव्या हाताने कालवडीची मान कवेत घेतली आणि उजव्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यात सरकवून तोंड उघडले. मोठी वाकून पाहू लागली. पुढचे दोन दात रुंद आणि पांढरे, बाजूचे बारीक. "दोन दाती," तो म्हणाला. तिने वहीत तसे लिहिले. धाकटीने विचारले, वरचे दात कोठे आहेत? वर पुढचे दात नसतातच, जीभ गुंडाळून गवत उपटावयाचे असते, हे तिला ठाऊक नव्हते. खरे म्हणजे तिच्या आईलाही नव्हते. दोन दिवसांत त्या वहीची नऊ पाने भरली. शब्द लिहिताना मोठी अडली की भाऊ सांगे आणि शुद्धलेखनाला अडला की ती सांगे. या अंकासाठी ती वही आम्ही मागितली. तिने दिली नाही. आजोबांना अजून बरेच विचारावयाचे राहिले आहे, म्हणाली.